तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा

१

सोमवारी सकाळी आजोबा पलंगावर नव्हते.

सिस्टरनी दार उघडलं, दिवा लावला, आणि आधी वाकून पलंगाखाली पाहिलं. हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं आणि सांगताना त्या ओशाळल्या, कारण आजोबा काही रांगत पलंगाखाली जाणारे नव्हते. आजोबा म्हणजे रबराचा आणि धातूचा पुतळा, नर्सिंगच्या मुलामुलींना हात बसावा म्हणून केलेला. वीज सुरू असली की त्याची छाती वरखाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची, तो खोकायचा, कण्हायचा आणि चुकीचं इंजेक्शन दिलं की मरायचाही. मग बटण दाबून त्याला पुन्हा जिवंत करायचं. कॉलेजातली सगळ्यात महाग वस्तू तीच होती, आणि इथल्या प्राध्यापकांच्या तुलनेत बरीच ऐकून घेणारीही.

हे कम्युनिटी कॉलेज होतं. शाळा अर्धवट सुटलेली पोरं, कारखाना बंद पडून घरी बसलेले बाप्ये, मुलं हाताशी आल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या बाया, असल्या माणसांना थोड्या फीमध्ये पोटापुरतं कसब द्यायचं, एवढंच त्याचं काम. काम चांगलं होतं. ते ज्यांच्या हाती होतं त्यांच्याबद्दल मात्र असं म्हणायची सोय नव्हती. दोन वर्षांपासून सरकारी अनुदान आटत चाललं होतं आणि कॉलेज चालवणारी मंडळी तेव्हापासून फक्त सभा घेत होती.

मंगळवारी सकाळी नर्सिंग परिषदेची समिती पाहणीला यायची होती. सरावाचा पुतळा जागेवर नसला तर अभ्यासक्रमाची मान्यता तिथल्या तिथे जाणार होती. मान्यता गेली की सिस्टरनी रिकाम्या खोलीपासून उभा केलेला विभाग गेला, आणि अर्ध्या वाटेवरच्या विद्यार्थ्यांनी हात हलवत घरी जायचं.

प्राचार्यांनी चहा संपायच्या आत निष्कर्ष काढला. दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ली सिस्टरकडे होती. तेव्हा चोर सिस्टर. त्यांनी सिस्टरना आत बोलावलं, खुर्चीवर बसा म्हणायचं टाळलं आणि आवाजात शक्य तितका कळवळा आणून सांगितलं, "संध्याकाळपर्यंत राजीनामा द्या. मग पोलिसांत जायचं कारण उरणार नाही."

२

विमा कंपनीची तपासनीस दुपारी येऊन धडकली. पन्नाशीची बाई, पायात सपाट चपला, चेहऱ्यावर कायम काहीतरी नासकं हुंगल्याचा भाव. कंपनीत त्यांना चिमटा म्हणत, अर्थात पाठीमागे. माणसं खोटं बोलतात याचं बाईंना काही वाटत नसे. ती खोटं बोलताना कष्ट घेत नाहीत, याची मात्र त्यांना चीड यायची.

दिंडी दरवाजापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत भिंती परिपत्रकांनी भरलेल्या होत्या. बाईंनी ती सगळी वाचली, कारण वाचायची त्यांना सवय होती आणि इथे आणखी कुणाला ती असावी असं दिसत नव्हतं. खडू शेवटच्या तुकड्यापर्यंत वापरावा. हात पुसायचा कागद एका वेळी एकच घ्यावा. पहिला मजला व त्यावरील वीज आणि लिफ्ट शुक्रवारी सायंकाळी बंद होऊन सोमवारी सकाळी सुरू होईल. सुट्टीच्या दिवसांचा पहारेकरी कमी करण्यात येत आहे. पेन संपल्यास रिकामी कांडी जमा करून नवीन घ्यावी. प्रत्येकाखाली प्राचार्यांची लांबलचक, शेपटीवाली सही होती. तिला शाई बरीच लागत असणार.

वर जाऊन बाईंनी पहिल्यांदा कुलूप पाहिलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. खरं तर त्यांचं काम तिथे दारातच संपलं होतं आणि त्या तशाच मागे फिरल्या असत्या तरी चाललं असतं. पण पलंगापाशी सिस्टर उभ्या होत्या आणि रिकाम्या गादीवरची चादर पुन्हा पुन्हा ताणून बसवत होत्या. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

खोली नीटनेटकी होती. आजोबांच्या छातीत हवा भरणारा पंप पलंगाखाली होता आणि त्याची नळी कुणीतरी फिरकी सोडवून अलगद काढली होती. भिंतीला चाकाच्या दोन खुर्च्या टेकवल्या होत्या. तिसरी कायम कुणीतरी उसनी नेलेली असते, असं सिस्टर म्हणाल्या. कोपऱ्यात पेशंटला पट्ट्यात बसवून पलंगावरून खुर्चीत उतरवायचं एक हातयंत्र होतं. त्याच्या जोरावर एखादी काडीपैलवान मुलगीही भल्या मोठ्या माणसाला हलवू शकते. छोटा फ्रिज उघडला तर भपकारा आला.

"हे दर सोमवारचं आहे," सिस्टर म्हणाल्या. "शनिवार-रविवार वीज नाही. सरावाची औषधं नासतात. लिहून लिहून हात दुखले."

आजोबांना त्यांनी शेवटचं शुक्रवारी दुपारी पाहिलं होतं. त्यानंतर काटकसरीची सक्तीची सभा होती. ती इतकी लांबली की संपेस्तोवर वरची वीज गेली होती, आणि सगळे परस्पर घरी गेले. शनिवारी संध्याकाळी सिस्टर पाहणीसाठी धुतलेल्या चादरी घेऊन आल्या होत्या. लिफ्ट बंद, जिना अंधारा, म्हणून त्यांनी गाठोडं खाली शिक्षकांच्या खोलीत ठेवलं आणि परत गेल्या. त्यांना येताजाताना पाहणारं कुणी नव्हतं, कारण पहारेकरी काटकसरीत गेला होता.

"शनिवारी तुम्ही इथे आला होता हे प्राचार्यांना कुणी सांगितलं?"

"मीच. सकाळी विचारलं तेव्हा." सिस्टर चादरीवरून हात फिरवत राहिल्या. "आणि ते म्हणाले, शनिवारी दुपारपर्यंत आजोबा इथेच होते. त्यांनी स्वतः पाहिलं."

३

प्राचार्यांची खोली तळमजल्यावर होती, आणि काटकसरीने तिचा उंबरठा ओलांडला नव्हता. एसी घुमत होता. कोपऱ्यात कॉफीचं यंत्र होतं. भिंतीवर प्राचार्यांचे फोटो होते: प्राचार्य फीत कापताना, प्राचार्य रोप लावताना, आणि नर्सिंग विभागाच्या उद्घाटनाला आजोबांना त्या हातयंत्राने पलंगावरून खुर्चीत बसवताना, अर्थात कॅमेऱ्याकडे बघून. माणूस उंचापुरा, केस काळे केलेला, आवाज मधात घोळलेला. संकट हीच संधी, हे वाक्य त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच दोनदा ऐकवलं. बाईंनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर पाहिलं.

प्राचार्यांना घाई होती. दावा आजच मंजूर व्हावा, पुतळ्याची पूर्ण किंमत मिळावी, कारण संस्थेची अवस्था बाईंना ठाऊकच आहे. अभ्यासक्रमाचं काय, असं बाईंनी विचारलं. त्यावर प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले आणि नियतीपुढे आपण कोण, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. नवीन पुतळा यायला कित्येक महिने लागतील. तोवर मान्यता टिकणं कठीण. दुःख फार होतं, पण इलाज नाही.

"शनिवारी तुम्ही त्याला पाहिलंत म्हणे."

"हो तर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी फेरी मारतो. रिकामी वास्तू माणसाशी बोलते, बाई." प्राचार्य पुढे झुकले. "लिफ्टमधून बाहेर आलो, सगळीकडे शांतता. मास्टर किल्लीने त्यांची खोली उघडली. आजोबा पडले होते. संथ श्वास चालला होता. मी जवळ गेलो तर खोकले. खरं सांगतो, गलबलून आलं. आपल्या विद्यार्थ्यांची सेवा करणारा हा मूक सेवक."

मूक सेवक खोकला कसा, हे बाईंनी विचारलं नाही. त्यानंतर रात्री आणि रविवारी आपण कुठे होतात, एवढंच विचारलं. शनिवारी संध्याकाळीच ते दुसऱ्या शहरात मेहुणीच्या घरी मुक्कामाला गेले होते. पंचवीस माणसं साक्षीला होती.

"पंचवीस," बाई म्हणाल्या आणि उठल्या. इतके साक्षीदार तयार ठेवणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत नेहमीच वाईट होत असे.

दाराशी प्राचार्यांनी त्यांना आवाज खाली आणून सल्ला दिला. सिस्टर एकट्या राहतात, घरात आजारी आई आहे, पैशाची ओढाताण आहे. माणूस घसरतो. आपण समजून घ्यायचं.

४

आता पाळी कात्रीची. हे उपप्राचार्य, अर्थविभागाचे प्रमुख. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी वापरत नसे. वाळका माणूस, बाह्या कोपराशी रफू केलेल्या, टेबलावर जमा केलेल्या रिकाम्या पेनांची बरणी. नर्सिंग बंद करा असं गेले वर्षभर सभेत उघड म्हणणारा एकटा हाच होता. खर्च जास्त, फी कमी, हिशेब बसत नाही. त्याच्याइतका चोर शोभणारा माणूस अख्ख्या इमारतीत दुसरा सापडला नसता.

बाई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच त्याने विचारलं, "कुलूप फुटलंय का?"

"नाही."

कात्रीच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्तही उतरलं. "म्हणजे छदामसुद्धा मिळणार नाही."

"तुम्हाला माहीत आहे तर."

माहीत कसं नसणार? विमा त्यानेच बदलला होता. आधीच्या विम्यात कुठलीही चोरी धरली जायची. त्याने हप्ता निम्म्यावर आणला आणि त्या बदल्यात फक्त फोडाफोडी करून झालेली चोरी ठेवली. कुलूप तुटलं पाहिजे, खिडकी फुटली पाहिजे. आपली ही करामत तो इतक्या प्रेमाने सांगत होता की बाईंना त्याची किळस आली, आणि थोडं हसूही. मग प्राचार्यांनी दावा केलाच कशाला, असं त्यांनी विचारलं.

"मला विचारलं नाही. परस्पर पाठवला." कात्रीने खांदे उडवले. "विमा बदलल्याच्या कागदावर सही त्यांचीच आहे. ठेवायचा समोर, ते करतात. वरची वीज बंद करायचं परिपत्रकही तसंच. फोनवर बोलता बोलता केली सही."

कात्रीला नर्सिंग बंद व्हायला हवं होतं, हे त्याने बाईंसमोरही नाकारलं नाही. पण तसं करायचं तर नियमाप्रमाणे गावासमोर जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तिथे प्राचार्यांनी उभं राहून कारण सांगायचं. गावातल्या घराघरात या विभागातून शिकलेली एखादी मुलगी होती. लोकांनी प्राचार्यांना फाडून खाल्लं असतं. म्हणून प्राचार्य दर सभेत नर्सिंगवर गहिवरून बोलायचे आणि दर सभेनंतर कात्रीला म्हणायचे, काहीतरी मार्ग काढा.

"आणि तुम्ही काढलात?"

"मी कपात करतो, बाई. चोरी नाही." तो पहिल्यांदाच दुखावल्यासारखा दिसला. "आणि केली असती तर आधी कुलूप फोडलं असतं."

५

सगळ्यात मोकळेपणाने बोलला तो शेफ. तिसऱ्या मजल्यावर नर्सिंगच्या शेजारीच त्याचा पाककलेचा वर्ग होता आणि सिस्टरच्या खोलीवर त्याचा डोळा होता. मधली भिंत पाडली तर भटारखाना दुप्पट होईल, हे त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही. पोट सुटलेला, मिशा कातरलेल्या, बोलताना सुरी परजायची खोड. तो म्हणाला, शुक्रवारी सभेच्या आधी त्याने आपलं सगळं मांस खालच्या फ्रिजमध्ये हलवलं, दर शुक्रवारी हलवतो, नाहीतर सोमवारी नाकाला रुमाल बांधून शिकवावं लागतं. पुतळा चोरून आपण करणार काय, त्याचा रस्सा?

"सभेत तुम्ही पूर्णवेळ होता?"

"कसला. प्राचार्यांचं भाषण झालं, ते निघून गेले, मग मीही मागच्या मागे सटकलो. सिगारेट ओढत होतो तळमजल्यावर, मागच्या पडवीत." त्याने सुरी खाली ठेवली. "पण एक सांगतो, आमचे प्राचार्य असतील तसे असोत, म्हाताऱ्या माणसाला मान देतात. कुणी देणगीदार आला होता. चाकाच्या खुर्चीत. अंगात कोट, डोक्यावर टोपी, मफलर. प्राचार्य स्वतः खुर्ची ढकलत होते. लिफ्टमधून निघाले ते इमारतीच्या आतल्याच मागच्या गल्लीत. आणि तोंडाची टकळी चालू, नव्या ग्रंथालयाची योजना वगैरे. म्हातारा शहाणा. मान खाली घालून बसला होता, हूं का चूं केलं नाही."

"मागच्या गल्लीत काय आहे?"

"काही नाही. विद्यार्थी समुपदेशन केंद्र होतं. गेल्या वर्षी बंद केलं, पैसे नाहीत म्हणून. तिकडून बाहेरही पडता येत नाही." शेफ हसायला लागला आणि मधेच थांबला.

बाईंनी त्याला संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत यायला सांगितलं आणि तोवर तोंड बंद ठेवायला. दुसरी अट त्याला अवघड जाणार होती. म्हणून त्यांनी त्याला तिथेच कांदे चिरत बसवलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

६

सिस्टर राजीनामा लिहून घेऊन आल्या होत्या. प्राचार्यांनी हात पुढे केला, पण कागद मधेच बाईंनी घेतला आणि न वाचता आपल्या पिशवीत टाकला. कात्री दाराशी उभा होता. शेफ डोळे पुसत आला. इमारतीची देखभाल पाहणारा फोरमन, हाताखालची सगळी माणसं गेल्यामुळे हल्ली एकटाच आणि कायम वैतागलेला, भिंतीला टेकून जांभया देत होता.

"या शनिवारी तिसऱ्या मजल्यावर वीज होती?" बाईंनी त्याला विचारलं.

"कुठून असणार? शुक्रवारी मीच खटका पाडला. आज सकाळी चढवला."

"लिफ्ट?"

"तीही त्यातच."

बाई प्राचार्यांकडे वळल्या. "तुम्ही शनिवारी बंद लिफ्टमधून वर गेलात. वीज नसलेल्या खोलीत पुतळा श्वास घेत होता, आणि तुम्हाला बघून खोकला."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर तिथेच राहिलं, कारण त्याला कुठे जायचं ते कळेना. मग ते म्हणाले की पुतळ्यात बॅटरी असते, आधुनिक तंत्रज्ञान आहे.

"ती मेली गेल्या वर्षी," सिस्टर म्हणाल्या. त्या या खोलीत पहिल्यांदाच बोलत होत्या. "नवी मागितली होती. तुम्हीच नामंजूर केलीत, सर. तुमच्या सहीने आलंय."

"मी रोज शेकडो सह्या करतो," प्राचार्य म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "या कॉलेजात वर वीज नसते हे सिस्टरना माहीत आहे, त्यांची औषधं नासतात. शेफना माहीत आहे, त्यांचं मांस नासतं. फोरमन खटका पाडतो आणि कात्रीसाहेबांनी तर ते परिपत्रक लिहिलंय. माहीत नाही असा एकच माणूस आहे. त्याच्या खोलीतली वीज कधी जात नाही आणि आपण कशाखाली सही करतो ते तो वाचत नाही. पैशांसाठी चोरी दाखवायची तर कुलूप फोडायला हवं होतं, हेही त्याला माहीत नव्हतं. तिथेही सही त्याचीच."

एसी घुमतच होता. बाईंनी तो बंद केला.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, ठेवणीतल्या कोरड्या आवाजात. शुक्रवारी सगळ्यांना सक्तीने सभेत बसवायचं, भाषण ठोकून निघून जायचं. वीज जायच्या आत वर जाऊन नळी सोडवायची, आणि उद्घाटनाला फोटोसाठी शिकलेल्या त्या यंत्राने आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसवायचं. कोट, टोपी, मफलर. वाटेत कुणी भेटलंच तर देणगीदार. या कॉलेजात देणगीदाराच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, खिशाकडे बघतात. शनिवारी पाहिल्याची थाप मारली की शुक्रवारबद्दल कुणी विचारणार नाही, आणि शनिवारी रात्रीपासून पंचवीस माणसं साक्षीला. सिस्टर नेमक्या शनिवारी आल्या, हा फुकटचा नफा.

"चला," बाई म्हणाल्या. "तुमची मास्टर किल्ली घ्या."

मागच्या गल्लीत दिवा नव्हता. समुपदेशन केंद्राच्या दारावर अजून पाटी होती, तुमच्या अडचणी आमच्यापाशी मोकळ्या करा. प्राचार्यांना किल्ली भोकात घालता येईना, तेव्हा फोरमनने ती घेतली. आत धुळीने भरलेल्या टेबलासमोर आजोबा बसले होते, मान खाली, हात मांडीवर. कोट प्राचार्यांचाच होता. खिशावर कॉलेजचं चिन्ह होतं.

सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी आधी टोपी काढली, मग मफलर सोडला. आजोबांची मान सरळ केली आणि मग तिथेच खाली बसून त्या रडायला लागल्या. शेफने चाकाच्या खुर्चीचा ब्रेक सोडला.

प्राचार्यांना बोलावंसं वाटलं, हे त्यांचं दुर्दैव. ही सुरक्षेची चाचणी होती, असं त्यांनी सुरुवातीला म्हणून पाहिलं. ते कुणी झेललं नाही, तेव्हा आवाज बदलला. "एक विभाग मेला असता तर बाकीचं कॉलेज जगलं असतं. मला संस्था वाचवायची होती."

"मग सुनावणी घ्यायची," बाई म्हणाल्या. "गावासमोर उभं राहून सांगायचं, पैसे नाहीत, बंद करतोय. शिव्या खाव्या लागल्या असत्या. तेवढ्यासाठी पगार घेता ना? त्यापेक्षा तुम्हाला या बाईला चोर ठरवणं सोपं वाटलं."

प्राचार्य कात्रीकडे पाहू लागले. कात्री छताकडे पाहत होता.

७

मंगळवारी परिषदेची समिती आली, आजोबांची नाडी पाहून गेली. एका सदस्याने त्यांना मुद्दाम चुकीचं औषध द्यायला लावलं आणि एका विद्यार्थिनीने त्यांना वेळेत वाचवलं. मान्यता टिकली.

दुपारी बाई आपला अहवाल पुरा करायला आल्या तेव्हा सिस्टर त्यांना कात्रीच्या खोलीत भेटल्या. चेहरा उतरलेला होता. प्राचार्य आपल्या खोलीत होते. एसी सुरू होता. सकाळी समितीचं स्वागतही त्यांनीच केलं होतं आणि नर्सिंगवर गहिवरून बोलले होते. जाताना सिस्टरच्या कानाशी येऊन म्हणाले होते, पुढच्या अंदाजपत्रकात बघू.

"नियामक मंडळाच्या अध्यक्षांना सगळं कळवलंय," कात्री म्हणाला. "ते म्हणतात, काढता येणार नाही. मुदतीआधी काढलं तर उरलेल्या वर्षांचा पगार एकदम द्यावा लागतो. तेवढी तरतूद नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आजवर त्यांनी पेटवून दिलेली दुकानं पाहिली होती आणि बुडवलेली गलबतं पाहिली होती. त्या भामट्यांनाही आपण भामटे आहोत एवढं तरी कळत होतं. इथे सगळे सभ्य होते. सिस्टर मात्र अजून पिशवीकडे बघत होत्या, जिच्यात त्यांचा राजीनामा पडून होता. हा माणूस त्या खुर्चीत राहिला तर तो कागद महिनाभरात पुन्हा लिहावा लागेल, हे त्यांना कळत होतं.

"लावा अध्यक्षांना फोन," बाई म्हणाल्या. "आवाज मोठा ठेवा."

अध्यक्ष सज्जन होते. त्यांना अतिशय खेद झाला होता. एवढ्या ज्येष्ठ माणसाकडून असं व्हायला नको होतं. पण पुतळा सापडला, अभ्यासक्रम वाचला, सिस्टरबद्दल तर सर्वांनाच आदर आहे. आता संस्थेच्या प्रतिष्ठेसाठी अहवालात 'गैरसमज' असा शब्द घालता आला तर बरं. बाईंनी त्यांना सांगितलं की एका निरपराध बाईवर चोरीचा आळ घेतला गेला. अध्यक्ष म्हणाले, दुर्दैवी. विद्यार्थ्यांचं वाटोळं होणार होतं, हे सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, खरंय. बाईंना आपण कुणाशी काय बोलतोय याची शरम वाटली आणि त्यांनी भाषा बदलली.

"कंपनी आज पोलिसांत तक्रार देणार आहे. विम्याचा खोटा दावा. तुमच्या प्राचार्यांच्या करारात फौजदारी गुन्ह्याचं कलम आहे का?"

पलीकडून नुसतं "करारात?" आलं. अध्यक्षांनी करार वाचला नव्हता हे उघड होतं.

"आहे," कात्री म्हणाला. तो खुर्चीतून अर्धवट उठला होता, आणि बाईंना पहिल्यांदाच तो माणूस थोडा आवडला. "मीच घातलंय. लबाडीच्या गुन्ह्यात अडकले तर तत्काळ काढता येतं. भरपाई द्यावी लागत नाही."

"म्हणजे..." अध्यक्षांचा आवाज एकदम जवळ आला. "काहीच नाही?"

"एक पैसा नाही," बाई म्हणाल्या. "वर त्यांचा पगारही वाचेल."

"नक्की फुकट?"

"नक्की."

"मग त्यांना आजच काढा," अध्यक्ष म्हणाले. "नीतीचा प्रश्न आहे."

बाईंनी पिशवीतून राजीनाम्याचा कागद काढला आणि सिस्टरच्या हातात दिला. सिस्टरनी तो फाडला. तुकडे कुठे टाकावेत म्हणून त्या इकडेतिकडे बघायला लागल्या, तेव्हा कात्रीने आपली टोपली पायाने त्यांच्याकडे सरकवली.